माणसाच्या मापाने घडणारे अवयव



१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी देशातील पहिली प्रवासी आगगाडी धावली. पुढच्याच वर्षी हा लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. ठाणे आणि कल्याण यांच्या दरम्यान ज्या खाडीकाठच्या गावावरून तो गेला, ते गाव म्हणजे दिवा. आज दिवा हे जंक्शन आहे. येथून एक मार्ग पनवेल, पेण, रोहा असा कोकणाकडे वळतो, तर दुसरा भिवंडीवरून वसईला जातो. जेथे पूर्वी भातखाचरे होती, तेथे आता दाट वस्ती उभी आहे. ठाणे महानगरपालिकेच्या हद्दीतील या वस्तीचा मोठा भाग रोज पहाटेपासून रेल्वेने कामावर जातो आणि रात्री रेल्वेनेच परततो.

या प्रवासाची किंमत काही वेळा फार मोठी असते. ९ जून २०२५ रोजी सकाळी दिवा आणि मुंब्रा या स्थानकांच्या दरम्यान, एका वळणावर, परस्परविरुद्ध दिशेने जाणाऱ्या दोन भरगच्च लोकलगाड्यांच्या दारात उभे असलेले प्रवासी खाली पडले. काहींनी प्राण गमावले, काही जखमी झाले. त्यानंतर नव्या लोकलगाड्यांना स्वयंचलित दारे बसविण्याचा निर्णय रेल्वे प्रशासनाने जाहीर केला. अपघात टाळणे हे पहिले कर्तव्य, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु रुळांवर, कारखान्यातील प्रेसवर किंवा रस्त्यावर ज्यांनी हात-पाय आधीच गमावले आहेत, त्यांचे पुढे काय, हा प्रश्न मागे उरतोच. अपघाताची बातमी एका दिवसाची असते. अवयव गमावलेल्या माणसाला त्यानंतरची सारी वर्षे काढावयाची असतात.

त्रिमितीय मुद्रण, म्हणजेच थ्रीडी प्रिंटिंग, या नव्या तंत्राने प्रत्येक रुग्णाच्या मापाची वैद्यकीय उपकरणे आणि शरीरात बसवावयाचे कृत्रिम भाग आता तयार करता येतात. या तंत्राचा विचार बहुधा प्रयोगशाळेच्या अंगाने केला जातो. तो दिव्यासारख्या ठिकाणी राहणाऱ्या माणसाच्या अंगाने केला, तर तंत्राचे बळ कशात आहे आणि मर्यादा कोठे आहेत, हे अधिक स्पष्ट दिसते.

माप चुकले की उपकरण माळ्यावर

गुडघ्याखाली पाय गमावलेल्या व्यक्तीला कृत्रिम पाय बसवावयाचा झाल्यास त्यातील सर्वांत नाजूक भाग पाऊल नव्हे, तर सॉकेट होय. पायाचा उरलेला भाग ज्या खोबणीत बसतो तिला सॉकेट म्हणतात. चालताना शरीराचा सारा भार या खोबणीतून खाली जातो. ती सैल झाली तर पाय आत घसरतो, घट्ट झाली तर कातडी सोलवटते, आणि हाडाच्या टोकाशी थोडाही दाब चुकला तर जखम होते. अशी जखम झालेला मनुष्य दोन-तीन दिवस पाय बाजूला ठेवतो, पुन्हा घालून पाहतो, पुन्हा जखम होते आणि अखेर तो पाय माळ्यावर जातो. कागदोपत्री त्या व्यक्तीला उपकरण मिळालेले असते. प्रत्यक्षात ती कुबडीवरच चालत असते.

सॉकेट घडविण्याची रूढ पद्धत कौशल्याची आहे. तंत्रज्ञ उरलेल्या पायावर प्लास्टर ऑफ पॅरिसच्या पट्ट्या गुंडाळतो. त्या सुकल्या की पोकळ साचा मिळतो. त्यात पुन्हा प्लास्टर ओतून पायाची भरीव प्रतिकृती केली जाते. कोठे दाब सहन होतो आणि कोठे होत नाही, हे जाणून तंत्रज्ञ ती प्रतिकृती कानशीने घासतो, काही ठिकाणी भर घालतो आणि मग तापवलेले प्लास्टिक तिच्यावर चढवून सॉकेट तयार करतो. काम झाले की प्लास्टरची प्रतिकृती बहुधा फोडून टाकली जाते. तिच्याबरोबर त्या माणसाचे मापही नाहीसे होते.

अडचण येथेच आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या काही महिन्यांत सूज उतरते, स्नायू आटतात आणि उरलेल्या पायाचा आकार बदलत राहतो. त्यामुळे पहिले सॉकेट फार काळ टिकत नाही. लहान मूल असेल तर ते वाढते आणि वाढत्या वयाबरोबर पुनःपुन्हा नवे सॉकेट लागते. म्हणजे माप एकदा घेऊन भागत नाही. ते आयुष्यभर घ्यावे लागते.

उपकरणाने माणसाच्या जीवनाशी जुळले पाहिजे, हा धडा आपल्या देशाने फार पूर्वीच जगाला दिला आहे. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कुशल कारागीर पंडित रामचंद्र शर्मा यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस रबराचे जे पाऊल घडविले, ते ‘जयपूर फूट’ या नावाने सर्वत्र पोहोचले. परदेशी कृत्रिम पाय बुटात घालण्यासाठी केलेले होते. ते घालून उकिडवे बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, अनवाणी चिखलात उतरता येत नसे. जयपूरच्या पावलाने हे सारे शक्य केले. या कार्याबद्दल डॉ. सेठी यांना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. येथे मोजले गेले ते केवळ पायाचे माप नव्हते. भारतीय माणसाच्या उठण्याबसण्याचेही माप घेतले गेले होते. नव्या तंत्राचे मूल्यमापन याच कसोटीवर झाले पाहिजे.

साच्यावाचून घडण

दिव्याहून सुटणारी गाडी ज्या पेणला जाते, ते पेण गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध आहे. तेथील कारखान्यांत एक साचा तयार झाला की त्यातून शेकडो मूर्ती निघतात. साचा करण्यास वेळ आणि पैसा लागतो. पण तो शेकडो मूर्तींवर विभागला जातो, म्हणून प्रत्येक मूर्ती परवडते. बहुतेक सर्व कारखानदारी या एकाच तत्त्वावर उभी आहे. परंतु ज्या वस्तूचा नग एकच हवा आहे तिचे काय? एका माणसाच्या जबड्याचे हाड दुसऱ्याला चालत नाही. त्याच्यासाठी केलेला साचा एकदाच वापरावयाचा, म्हणजे साच्याचा सारा खर्च त्या एका नगावर. याच कारणामुळे वैद्यकीय उपकरणे आजवर लहान, मध्यम आणि मोठी अशा ठरावीक मापांत बनत आली, आणि त्यांतल्या त्यात जवळचे माप शोधून रुग्णाला त्याच्याशी जुळवून घ्यावे लागले.

त्रिमितीय मुद्रणात साचाच लागत नाही. वस्तूचा आकार संगणकावर अंकरूपात तयार होतो. संगणक त्या आकाराचे अतिशय पातळ आडवे थर पाडतो आणि यंत्र ते थर एकावर एक रचत जाते. ज्यांनी दिवाळीत सोऱ्यातून चकली पडताना पाहिली आहे, त्यांना याची कल्पना सहज येईल. यंत्राच्या तोटीतून वितळलेल्या प्लास्टिकची बारीक तार बाहेर येते, एक फेर पूर्ण होतो, तोटी किंचित वर सरकते आणि त्याच्यावर दुसरा फेर पडतो. असे शेकडो फेर झाले की वस्तू उभी राहते. दुसऱ्या एका प्रकारात द्रवरूप राळेवर प्रकाशकिरण पाडून थर घट्ट केले जातात. तिसऱ्या प्रकारात प्लास्टिकची किंवा धातूची बारीक भुकटी पसरून लेसर किरणाने नेमकी हवी तेवढीच भुकटी सांधली जाते.

हे तंत्र वाटते तितके कालपरवाचे नाही. जपानमधील हिदेओ कोडामा यांनी १९८१ मध्ये प्रकाशाने थर घट्ट करण्याच्या पद्धतीवर लेखन प्रसिद्ध केले. अमेरिकेतील चार्ल्स हल यांनी १९८४ मध्ये एकस्वासाठी, म्हणजे पेटंटसाठी, अर्ज केला आणि १९८६ मध्ये ते त्यांना मिळाले. वितळलेल्या तारेची पद्धत स्कॉट क्रम्प यांनी त्याच दशकाच्या अखेरीस पुढे आणली. मूळ एकस्वांची मुदत संपल्यावर यंत्रे स्वस्त झाली आणि शाळा-महाविद्यालयांपर्यंत पोहोचली. शंभर वेगवेगळ्या वस्तू आणि शंभर एकसारख्या वस्तू घडविण्याचे श्रम या यंत्राला जवळजवळ सारखेच असतात. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने त्याचे सर्वांत मोठे महत्त्व हेच आहे.

क्ष-किरणांच्या चकत्यांपासून हाडापर्यंत

शरीराबाहेरच्या अवयवाचे माप प्रकाशकिरणांच्या स्कॅनरने काही मिनिटांत घेता येते. शरीरातील हाडाचे माप कसे घ्यावयाचे? त्याचे उत्तर सीटी स्कॅनमध्ये मिळाले. हे यंत्र १९७१ मध्ये लंडन येथे प्रथम रुग्णावर वापरले गेले आणि त्यामागील संशोधनाबद्दल गॉडफ्री हाउन्सफिल्ड व ॲलन कॉर्मॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सीटी स्कॅन शरीराच्या आडव्या चकत्यांची चित्रे देतो. या चकत्या संगणकात पुन्हा एकमेकींवर रचल्या की हाडाचा संपूर्ण आकार उभा राहतो. निदानाचे यंत्र शरीराच्या चकत्या पाडते आणि मुद्रणाचे यंत्र थर रचून वस्तू उभारते. त्यामुळे या दोन तंत्रांची सांगड सहज बसते.

समजा, अपघातात चेहऱ्याच्या उजव्या बाजूचे हाड चुरले. संगणकावर डाव्या, शाबूत बाजूची आरशातील प्रतिमा घेतली की उजव्या बाजूचा मूळ आकार कसा असावा याचा अंदाज मिळतो. शल्यचिकित्सक आणि अभियंता एकत्र बसून त्या आकाराला अखेरचे रूप देतात. स्क्रू कोठे बसतील, मज्जातंतूला धक्का कोठे लागू शकेल, हे शस्त्रक्रियेपूर्वीच ठरते. मग तो भाग टायटॅनियममध्ये किंवा शरीराला चालणाऱ्या विशिष्ट प्लास्टिकमध्ये घडविला जातो.

टायटॅनियमच्या मुद्रणात आणखी एक सोय आहे. भरीव टायटॅनियम हाडापेक्षा कितीतरी पट ताठर असते. ते सारा भार स्वतःकडे घेते, शेजारच्या हाडावर ताण पडत नाही आणि ताण न मिळालेले हाड हळूहळू क्षीण होते. थरांच्या रचनेत धातू जाळीदार ठेवता येतो. जाळीमुळे ताठरपणा कमी होतो आणि जाळीच्या छिद्रांत हाड वाढून कृत्रिम भाग घट्ट धरला जातो. अशी जाळी साच्यात ओतून किंवा कातून करणे अत्यंत कठीण असते.

२०११ मध्ये नेदरलँड्समधील ८३ वर्षांच्या एका वृद्धेला टायटॅनियमच्या भुकटीपासून मुद्रित केलेला खालचा संपूर्ण जबडा बसविण्यात आला. ही बातमी पुढील वर्षी जगभर गेली. परंतु या तंत्राचा सर्वांत व्यापक उपयोग अशा गाजलेल्या शस्त्रक्रियांत नसून साध्या वस्तूंत झालेला आहे. कानात बसणाऱ्या श्रवणयंत्राचे बाह्य कवच प्रत्येकाच्या कर्णनलिकेच्या आकाराचे असावे लागते. जगात आज अशी कवचे बहुतांशी याच पद्धतीने बनतात. दंतवैद्यकातही दातांचे नमुने आणि टोप्या यांसाठी हे तंत्र रुळले आहे. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाच्या हाडाची प्रतिकृती हातात घेऊन सराव करणे, किंवा हाड नेमके कोठे कापावयाचे हे दाखविणारा मार्गदर्शक ठोकळा करणे, हेही त्याचे मोलाचे उपयोग होत.

महाराष्ट्रातील प्रयत्न

या विषयात महाराष्ट्र मागे नाही. हाडाचा कर्करोग झालेल्या रुग्णाचा पाय पूर्वी कापावा लागे. रोगग्रस्त हाड काढून त्या जागी कृत्रिम सांधा बसविला तर पाय वाचतो. पण आयात केलेला असा सांधा सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा असे. मुंबईची टाटा स्मारक रुग्णालय ही संस्था, पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि हैदराबाद येथील अलोह धातूंविषयी काम करणारे तंत्रज्ञान विकास केंद्र यांनी एकत्र येऊन गुडघ्याचा असा देशी सांधा विकसित करण्याचे काम हाती घेतले. शल्यचिकित्सक, यंत्र अभियंता आणि धातुशास्त्रज्ञ एका टेबलाभोवती बसल्याखेरीज असे काम होत नाही, हे या प्रयत्नाने दाखवून दिले.

त्याच दिशेने पुढचे पाऊल म्हणून २०१४ मध्ये पवईच्या संस्थेत ‘बेटिक’ हे वैद्यकीय उपकरणांच्या विकासाचे केंद्र सुरू झाले. महाराष्ट्र शासनाच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाचे साहाय्य त्यास लाभले आणि पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय व नागपूरची विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था त्यात सहभागी झाल्या. डॉक्टरांनी अडचण सांगावी, अभियंत्यांनी नमुना करावा, तो त्रिमितीय मुद्रणाने झटपट हाती यावा आणि दोष दिसताच बदलावा, अशी तेथील कार्यपद्धती आहे.

२०१८ मध्ये पुण्यातील एका रुग्णालयात अपघातात जखमी झालेल्या लहान मुलीच्या कवटीवर तिच्या मापाने परदेशात तयार करून घेतलेला कृत्रिम भाग बसविण्यात आला. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिस, म्हणजे काळी बुरशी, या रोगाने राज्यात अनेकांना ग्रासले. जीव वाचविण्यासाठी वरचा जबडा, टाळू, प्रसंगी डोळाही काढावा लागला. जे वाचले त्यांना अन्न चावता येईना, बोललेले इतरांना समजेना. अशा रुग्णांच्या चेहऱ्याची पुनर्रचना करताना ठरावीक मापाचा कोणताही भाग उपयोगी पडत नाही. प्रत्येकाचे नुकसान वेगळे असते. या प्रसंगाने व्यक्तिगत मापाच्या उपकरणांची निकड देशातील शल्यचिकित्सकांसमोर ठळकपणे आणली.

पंचायतीच्या सदस्यांनी आणखी एका उदाहरणाकडे लक्ष द्यावे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापन केला. हाताने काम करीत शिकावे, हे त्याचे सूत्र. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने ‘फॅब लॅब’ ही संगणकीय यंत्रांची कार्यशाळा जगभर नेण्याचे ठरविले, तेव्हा २००२ मध्ये अमेरिकेबाहेरील पहिल्या कार्यशाळेसाठी हे खेडे निवडले गेले. नवे तंत्र शहरातून खेड्याकडे झिरपेपर्यंत थांबलेच पाहिजे, असा नियम नाही.

माप प्रवासाला जावे, माणूस नव्हे

आता पुन्हा दिव्याकडे वळू. मुंबईत हाजी अली येथे १९५५ पासून केंद्र शासनाची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था कार्य करीत आहे. कृत्रिम अवयवांच्या क्षेत्रात तिची सेवा दीर्घ आहे. परंतु एक पाय गमावलेल्या दिव्यातील कामगाराला तेथे पोहोचण्यासाठी काय करावे लागते? जिना चढून-उतरून फलाट गाठावयाचा, गर्दीची गाडी पकडावयाची, दादरला उतरून पश्चिम रेल्वेचा पूल ओलांडावयाचा, महालक्ष्मीला उतरून पुढे जावयाचे आणि तसेच परतावयाचे. हे एकदा नव्हे. माप देण्यासाठी, जोडून पाहण्यासाठी, दुरुस्तीसाठी आणि चालण्याच्या सरावासाठी पुनःपुन्हा. बरोबर एक नातेवाईक, म्हणजे दोन माणसांची मजुरी बुडाली. ज्या रेल्वेने पाय नेला, त्याच रेल्वेच्या गर्दीतून पायाच्या शोधात जावयाचे, अशी ही अवस्था आहे. शहापूर-मुरबाडच्या आदिवासी पाड्यावरील माणसाचे हाल याहून अधिक.

त्रिमितीय तंत्राचे खरे सामर्थ्य अशा ठिकाणी दिसते. अंकरूपात घेतलेले माप तारेवरून क्षणात कोठेही पाठविता येते. माप दिव्यात किंवा कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात घ्यावे, रचना तज्ज्ञाने दूरच्या संस्थेत बसून करावी, मुद्रण जेथे यंत्र असेल तेथे व्हावे आणि तयार वस्तू पुन्हा घराजवळ यावी, ही व्यवस्था आता अशक्य राहिलेली नाही. शिवाय अंकरूप माप प्लास्टरसारखे फुटून जात नाही. सहा महिन्यांनी पायाचा आकार कोठे आणि किती बदलला, हे जुन्या मापाशी ताडून पाहता येते. सॉकेट तुटले तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

यासाठी प्रत्येक गावी मुद्रणयंत्र हवे, असे मुळीच नाही. धातूचे मुद्रण करणारी यंत्रे महागडी असतात. त्यांना निष्क्रिय वायूचे वातावरण, कुशल चालक आणि कडक तपासणी लागते. अशी यंत्रे मोजकीच असावीत आणि सतत चालावीत. गावाजवळ हवे ते माप घेण्याचे, जोडून पाहण्याचे आणि दुरुस्तीचे केंद्र. दिव्यासारखे ठिकाण, जेथे मुख्य मार्ग, पनवेलकडील मार्ग आणि भिवंडी-वसईकडील मार्ग एकत्र येतात, अशा केंद्राला स्वाभाविकपणेच सोयीचे आहे. भिवंडीच्या यंत्रमागांवर, डोंबिवली-अंबरनाथच्या कारखान्यांत बोटे गमावणाऱ्या कामगारांनाही ते जवळचे होईल.

बोटांचा उल्लेख निघाला म्हणून एक दाखला देणे उचित ठरेल. दक्षिण आफ्रिकेतील रिचर्ड व्हॅन आस हे सुतार. २०११ मध्ये करवतीच्या अपघातात त्यांनी उजव्या हाताची बोटे गमावली. अमेरिकेतील इव्हान ओवेन यांच्याशी संपर्क साधून, दोन खंडांतून एकमेकांना आराखडे पाठवीत, दोघांनी मुद्रित भागांचा यांत्रिक हात तयार केला आणि त्याचा आराखडा सर्वांसाठी खुला केला. त्यातून प्रेरणा घेऊन अनेक देशांतील स्वयंसेवकांनी मुलांसाठी असे हात बनविले. हे हात हलके व स्वस्त असतात आणि मूल वाढले की नवा करता येतो. मात्र त्यांची पकड मर्यादित असते. जड वजन उचलणे किंवा यंत्रावर काम करणे त्यांच्याकडून अपेक्षू नये.

मर्यादा आणि सावधगिरी

नव्या तंत्राविषयी उत्साह असावा, भाबडेपणा नसावा. मुद्रित वस्तू हुबेहूब मापाची झाली म्हणजे ती योग्य झाली, असे नाही. सॉकेट हे पायाची तंतोतंत नक्कल नसते. कोठे दाब द्यावयाचा आणि कोठे सोडावयाचा, हा निर्णय अनुभवी कृत्रिम अवयव तज्ज्ञाचा असतो. स्कॅनर आकार पाहतो. दुखणे पाहत नाही. ते रुग्ण सांगतो आणि तज्ज्ञ बोटांनी जाणतो. म्हणून अखेरची जोडणी समोरासमोरच झाली पाहिजे, आणि ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद असलेल्या तज्ज्ञाच्या देखरेखीखाली झाली पाहिजे.

थरांनी घडलेली प्लास्टिकची वस्तू दोन थरांमधील सांध्यात कमकुवत असू शकते. चालताना सॉकेटवर शरीराच्या वजनाहून अधिक भार क्षणोक्षणी पडतो. ते भर रस्त्यात तुटले तर दुसरा अपघात ठरलेलाच. कृत्रिम पायांच्या मजबुतीसाठी आयएसओ १०३२८ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. अशा कसोटीला न उतरलेली वस्तू केवळ स्वस्त म्हणून कोणाच्या पायी घालू नये. शरीराच्या आत बसवावयाच्या भागांबाबत तर जबाबदारी अधिकच. धातूची शुद्धता, निर्जंतुकीकरण आणि वर्षानुवर्षांची नोंद यांवर रुग्णाचे जीवित अवलंबून असते. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून अमलात आले असून त्यांत धोक्याच्या प्रमाणानुसार उपकरणांचे चार वर्ग पाडले आहेत. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आणली गेली. त्रिमितीय यंत्र घरात ठेवता येते म्हणून हाड घरात छापता येत नाही, हे सर्वांनी ध्यानी ठेवावे.

आणखी एक मुद्दा. माणसाच्या शरीराचे माप ही त्याची खाजगी बाब आहे. ते तारेवरून जाणार असेल तर ते कोणाकडे राहते, किती काळ राहते आणि कोणत्या कामासाठी वापरले जाते, हे त्याला समजेल अशा मराठीत सांगून त्याची संमती घेतली पाहिजे. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये केला आहे. त्याचे भान अशा केंद्रांनी पहिल्या दिवसापासून ठेवणे इष्ट.

स्थानिक संस्था आणि शिक्षक यांचे कार्य

केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिकी मंत्रालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये या उत्पादनपद्धतीविषयी राष्ट्रीय धोरण जाहीर केले. राज्यात डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन झाला. दिव्यांगांना साहाय्यक साधने देणारी केंद्राची योजना १९८१ पासून चालू आहे. ग्रामपंचायतींसह स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावी, असे शासनाचे आदेश आहेत. तेव्हा योजना नाहीत किंवा पैसा नाही, अशी स्थिती नाही. आवश्यकता आहे ती खर्चाची दिशा बदलण्याची.

शिबिर भरते, मान्यवर येतात, साधनांचे वाटप होते, छायाचित्रे निघतात आणि अहवालात आकडा जातो. त्या आकड्यानंतर सहा महिन्यांनी किती जण ते साधन वापरीत आहेत, याची चौकशी सहसा होत नाही. वाटलेल्या साधनांची संख्या हे यशाचे माप नव्हे. वापरात असलेल्या साधनांची संख्या हे खरे माप होय. ग्रामपंचायतीने, नगरपालिकेने किंवा महानगरपालिकेच्या प्रभाग समितीने एवढी एक नोंदवही ठेवली तरी पुष्कळ साधेल. कोणाला कोणते साधन केव्हा मिळाले, ते वापरात आहे काय, नसल्यास का नाही, हे तीन रकाने पुरेत. आशा सेविका आणि आरोग्य कर्मचारी घरोघर जातातच. त्यांच्या फेरीत हा प्रश्न विचारला जावा. बंद पडलेल्या साधनांची यादी तयार झाली की माप घेण्याचे फिरते पथक कोठे न्यावयाचे, हे आपोआप ठरेल.

शिक्षकांच्या हाती आणखी वेगळे कार्य आहे. २०१६ पासून सुरू झालेल्या अटल टिंकरिंग लॅब या योजनेखाली अनेक शाळांना त्रिमितीय मुद्रणयंत्रे मिळाली आहेत. त्यांवर किल्ल्याला लावावयाच्या कड्या आणि खेळणी छापून उत्साह ओसरतो, हा अनुभव नवा नाही. त्याच यंत्रावर अंध विद्यार्थ्यासाठी बोटांनी चाचपता येईल असा ठाणे जिल्ह्याचा नकाशा करता येतो. ज्या मुलाला पेन्सिल नीट धरता येत नाही त्याच्या बोटांच्या मापाची मूठ करता येते. संधिवात झालेल्या आजीच्या चमच्याला जाड दांडा बसविता येतो. शरीरावर भार घेणारी उपकरणे विद्यार्थ्यांनी करू नयेत. पण अशा लहान वस्तू करताना त्यांना एक मोठी गोष्ट शिकता येईल. आधी माणसाला विचारावे, मग मोजावे, मग घडवावे आणि नंतर पुन्हा विचारावे. हा क्रम अंगी बाणलेला विद्यार्थी पुढे अभियंता झाला, डॉक्टर झाला किंवा सरपंच झाला, तरी त्याचे काम चुकणार नाही.

वैद्यकशास्त्राच्या इतिहासात माणसाने पुष्कळदा उपकरणाशी जुळवून घेतले. आता उपकरणाने माणसाशी जुळवून घेण्याचे दिवस आले आहेत. यंत्र त्यासाठी सज्ज आहे. ज्याला त्याची गरज आहे त्याचे नाव, गाव आणि माप यंत्रापर्यंत पोहोचविणे हे काम मात्र यंत्राचे नाही. ते काम तलाठ्याच्या, ग्रामसेवकाच्या, मुख्याध्यापकाच्या आणि पंचायत सदस्याच्या गावात, त्यांच्याच ओळखीच्या घरांत होणार आहे. माळ्यावर पडून राहिलेला एक पाय प्रत्येकाने शोधून काढला आणि तो पुन्हा जमिनीवर चालता केला, तरी या तंत्राचा उपयोग सार्थ झाला असे म्हणता येईल.